रोजच्या इंग्रजी शब्दांच्या सोप्या व्याख्या : कार्डसंचाच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५

कामाची आखणी ठरली. गोव्यातील मराठी माध्यमाच्या शाळांमधल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी रोजच्या वापरातल्या ३०० इंग्रजी शब्दांची कार्डे करायची. पुढच्या बाजूला शब्द, चित्र आणि जास्तीत जास्त १२ शब्दांची एक इंग्रजी ओळ. मागच्या बाजूला मराठीत दोन ओळी.

मागच्या ओळींत नुसता प्रतिशब्द द्यायचा नाही. प्रतिशब्द मिळाला की मुलाचा शोध तिथेच थांबतो, आणि इंग्रजी शब्दाची हद्द मराठी शब्दाच्या हद्दीशी क्वचितच तंतोतंत जुळते. इंग्रजी शब्द कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो, ते या दोन ओळींनी सांगायला हवे.

नोंदींत इंग्रजी ओळी देवनागरीतच उतरवल्या आहेत.

१२ जून

व्याख्या लिहिताना कोणते शब्द वापरायचे त्याची यादी आज बंद केली. २४० शब्द, त्याबाहेरचा एकही नाही. कार्डावरचा कठीण शब्द त्याहून कठीण शब्दाने समजावायचा, ही मुलांच्या कोशांतली नेहमीची चूक. चेअर या शब्दाला ‘सीट’ म्हणून मोकळे व्हायचे, तर सीट म्हणजे काय हे मुलाला आधी कळायला हवे.

बंद यादीची रीत जुनी आहे. चार्ल्स ऑग्डन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. मायकेल वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह १९३५ मध्ये कोश काढला. त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ त्यांनी १,४९० शब्दांत बसवले. वेस्ट यांची ही दृष्टी बंगालमधल्या शिक्षणाच्या कामातून घडली होती. इंग्रजी ज्यांच्या घरात नाही अशा मुलांना वाचता यावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि आपलाही तोच आहे.

आपल्या यादीसाठी एडवर्ड डॉल्च यांची १९३६ ची २२० शब्दांची यादी आधाराला घेतली. तिच्यात नामे नाहीत (९५ नामांची यादी त्यांनी वेगळी दिली), पण ऑन, अंडर, विथ, बिकॉज, अशी वाक्याला धरून ठेवणारी सगळी मंडळी आहेत. त्यातले जे व्याख्येत लागत नाहीत ते काढले आणि वॉटर, फूड, अ‍ॅनिमल, पर्सन, हाऊस अशी नामे घातली.

या २४० मधल्या ४० शब्दांना व्याख्याच द्यायची नाही. थिंग, पर्सन, प्लेस, डू, मेक, हॅव, गो, बिग, गुड, नॉट, इन, ऑन हे त्यातले काही. कारण साधे आहे. एखाद्या भाषेतल्या सगळ्या शब्दांचे अर्थ त्याच भाषेत द्यायचे म्हटले, तर शब्द मोजकेच असल्यामुळे कुठेतरी फिरून आपण त्याच शब्दापाशी येतो. बिग म्हणजे ‘नॉट स्मॉल’ आणि स्मॉल म्हणजे ‘नॉट बिग’. या फेऱ्यातून बाहेर पडायला काही शब्द भाषेबाहेरच्या आधारावर उभे करावे लागतात. चित्र, हातवारे, प्रत्यक्ष वस्तू किंवा मराठी. हे ४० शब्द आम्ही ‘पाया-शब्द’ म्हणतो. ते वर्गात कृती करून शिकवायचे, कार्डे त्यानंतर हातात द्यायची.

१६ जून

तपासणीची रीत ठरली : उलट तपासणी. कार्डावरचा शब्द आणि चित्र पट्टीने झाकायचे, इंग्रजी ओळ मोठ्याने दोनदा वाचायची, मुलाने शब्द ओळखायचा. मुलाने दुसराच शब्द सांगितला तर व्याख्या सैल आहे. काहीच सांगता आले नाही तर आतला एखादा शब्द अडतो आहे. चार-पाच मुलांनी एकच चुकीचा शब्द सांगितला तर ती सर्वांत मोलाची माहिती, कारण काय जोडायचे राहिले ते नेमके त्यातून कळते.

टेबल : ‘अ थिंग विथ अ फ्लॅट टॉप अँड फोर लेग्ज’. यावर मुले पाट सांगतात, स्टूल सांगतात, खाटही सांगतात. उत्तर बरोबरच आहे, व्याख्या अपुरी आहे. ‘यू ईट ऑर राइट ऑन इट’ जोडले की स्टूल आणि खाट गळतात. ‘टॉल’ घातले की पाटही गळतो. पाय चारच हवेत असे नाही, म्हणून ‘फोर’ काढून टाकले.

कप आणि ग्लास शेजारीशेजारी ठेवून लिहायचे. दोन्हींतून पितात, पण कपाला कान असतो. हँडल हा शब्द यादीत नाही, म्हणून कपाच्या चित्रात कानाकडे बाण आणि ओळीत ‘यू होल्ड इट हिअर’.

विंडो वर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. पुस्तकी व्याख्येत काच येते. पण गोव्यातल्या जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत, आणि कित्येक घरांना आजही नुसती लाकडी दारे आहेत. काच ही खिडकीची ओळख नाही. ‘अ‍ॅन ओपन प्लेस इन अ वॉल. लाइट कम्ज इन.’ एवढ्यावर मुले ‘डोअर’ म्हणतात. मग तिसरा तुकडा : ‘वुई डू नॉट वॉक थ्रू इट.’ मोजले तर १५ शब्द होतात. ‘ओपन’, ‘इन’ आणि ‘इट’ काढून ‘अ प्लेस इन अ वॉल. लाइट कम्ज. वुई डोन्ट वॉक थ्रू’ असे ११ शब्दांत बसवता येते, पण वाक्य लंगडे होते. विंडो साठी १५ शब्दांची सवलत दिली. मर्यादा मुलांच्या सोयीची आहे, ती वाक्याचा गळा दाबायला नाही.

१९ जून

क्लॉक भिंतीवर किंवा टेबलावर, वॉच मनगटावर. मराठीत दोन्ही घड्याळच. दोन्ही कार्डांच्या मागे हीच ओळ.

२४ जून

राइस. सगळ्या संचात याच्याइतका शिकवणारा शब्द दुसरा नाही.

शेतात उभे असते ते भात, गिरणीतून येतो तो तांदूळ, ताटात वाढतो तो पुन्हा भात, आणि घरात कोंकणी बोलणाऱ्या मुलासाठी ताटातले ते शीत. इंग्रजीत या सगळ्यांना राइस. मागच्या बाजूला नुसते ‘तांदूळ’ लिहिले तर ‘आय ईट राइस’ वाचून मूल अडखळते, कारण तांदूळ कोणी खात नाही, तो शिजवतात. नुसते ‘भात’ लिहिले तर ‘अ बॅग ऑफ राइस’ म्हणजे भाताने भरलेली पिशवी होते.

मग इंग्रजी ओळ. छापील पुस्तकांतून ‘स्मॉल व्हाइट सीड्ज’ अशी सुरुवात सर्रास दिसते. गोव्यातल्या घराघरांत उकडा तांदूळ शिजतो आणि तो तांबूस असतो. पांढरा रंग ओळीत ठेवला तर मुलाच्या ताटातला भात राइस ठरत नाही. विंडोतल्या काचेसारखीच ही गोष्ट. जे गुण नेहमी असतात असे वाटते पण नसले तरी वस्तू तीच राहते, ते व्याख्येतून काढायचे. ते चित्रात असले तर चालेल, मात्र तेव्हा चित्रे दोन हवीत.

ठरलेली ओळ : ‘फूड फ्रॉम अ ग्रास. इट ग्रोज इन वेट फील्ड्ज. वुई कुक इट.’ शब्द १२. चित्रे तीन : पाणी भरलेले वायंगणाचे (उन्हाळी भाताचे) शेत, सुपातले तांदूळ, ताटातला भात. तिन्हींखाली राइस हाच शब्द.

मागे : ‘शेतातले भात, तांदूळ आणि शिजलेला भात, तिन्ही राइस. एक राइस, दोन राइस असे म्हणत नाहीत. दाणा मोजायचा तर ग्रेन ऑफ राइस.’ मोजता न येणाऱ्या नामांची सूचना प्रत्येक वेळी अशीच, नियम न सांगता. वॉटर, मिल्क, शुगर, ब्रेड या कार्डांवर तीच ओळ जरा फिरवून.

३० जून

शरीराचे शब्द. हात : हँड आणि आर्म. पाय : फूट आणि लेग. बोट : फिंगर आणि टो. मराठीत तीन शब्द, इंग्रजीत सहा. ‘पायाला लागले’ याचे इंग्रजी करताना मूल लेग म्हणते आणि दुखत असतो घोटा.

इथे व्याख्येपेक्षा चित्र जास्त काम करते, पण एकाच अटीवर. शब्द जेवढ्या भागाचा, तेवढाच भाग रंगवायचा, बाकीचे शरीर फक्त रेषांत. बाण लावला तर टोक कुठे टेकते त्यावर मुले वेगवेगळे अर्थ काढतात. आर्म साठी खांद्यापासून मनगटापर्यंत रंग, हँड साठी मनगटापुढे. मनगटावर तुटक रेघ.

३ जुलै

क्रियापदे. यांना ‘टू’ लावून व्याख्या द्यायची नाही, ‘यू’ ने सुरू होणारे पूर्ण वाक्य द्यायचे. बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने १९८७ मध्ये पूर्ण वाक्यातली व्याख्या रूढ केली. मुलांसाठी ती फारच सोयीची, कारण शब्द वाक्यात कुठे बसतो तेही त्यातच दिसते.

वेअर : ‘यू वेअर अ कॅप. इट इज ऑन युअर हेड.’ मराठीत कपडे घालतात, साडी नेसतात, चष्मा लावतात, गजरा माळतात. इंग्रजीत सगळीकडे वेअर. चारही चित्रे द्यायची. आणखी एक फरक मागे लिहायलाच हवा. अंगावर चढवण्याची क्रिया म्हणजे पुट ऑन, अंगावर असणे म्हणजे वेअर.

ओपन आणि क्लोज : दार, खिडकी, पुस्तक, डबा. दिवा आणि पंखा यांच्यासाठी नाही. ‘पंखा बंद कर’ यावरून ‘क्लोज द फॅन’ हे वाक्य मोठ्यांच्याही तोंडी असते. कार्डावर स्विच ऑफ चे चित्र शेजारी आणि मागे एक ओळ : ‘वीज लागते ते स्विच ऑन, स्विच ऑफ.’

प्ले : खेळणे आणि वाजवणे. चेंडू एका चित्रात, घुमट हे वाद्य दुसऱ्यात.

हॅव हा पाया-शब्द आहे, त्याला व्याख्या नाही, पण कार्ड हवेच. मराठीत यासाठी वेगळे क्रियापद नाही. माझ्याकडे पेन आहे, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे, तिन्ही ‘आय हॅव’. मुले ‘टू मी इज अ पेन’ अशी जुळणी करतात ती मराठीच्या घडणीवरून, आणि ती त्यांच्या विचारात पूर्ण सुसंगत असते. कार्डावर तीन वाक्ये, तीन चित्रे, शब्दार्थ नाही.

८ जुलै

ऋतू. समर म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट, असे पाश्चात्त्य चित्रपुस्तकांत असते आणि खिडकीबाहेर जुलैचा पाऊस कोसळत असतो. गोव्यात उकाडा मार्च ते मे. महिन्यांची नावे काढून टाकली : ‘द हॉट पार्ट ऑफ द यिअर’. मॉन्सून हे कार्ड मूळ यादीत नव्हते, ते घातले : ‘द पार्ट ऑफ द यिअर विथ मच रेन’. ऑटम वगळले.

स्नो ठेवला, कारण गोष्टींत येतो. स्नोच्या आधी आइस. आइस मुलांनी मासळीच्या पेट्यांत पाहिलेला असतो, त्यामुळे ‘वॉटर सो कोल्ड दॅट इट इज हार्ड’ एका दमात पोचते. स्नो ला ‘आइस दॅट फॉल्ज फ्रॉम द स्काय’ एवढेच म्हटले तर उत्तर येते गारा. ‘सॉफ्ट’ हा शब्द घातल्याशिवाय स्नो आणि गार वेगळे होत नाहीत.

हॉट : गरम आणि तिखट दोन्ही. हुमणाची (माशांच्या आमटीची) वाटी एकच, अर्थ दोन. मागे तशी ओळ.

११ जुलै

फिश. ‘अ‍ॅन अ‍ॅनिमल दॅट लिव्ह्ज इन वॉटर’ यावर गोव्यातल्या मुलांकडून सुंगटे, कुर्ल्या, तिसऱ्या (शिंपल्यांतले जीव) असे सगळे येते. साहजिक आहे. बाजारात आणि स्वयंपाकघरात हे सगळे नुस्तेच, म्हणजे मासळीच. इंग्रजीत सुंगट म्हणजे प्रॉन, कुर्ली म्हणजे क्रॅब. एकट्या फिश शब्दात ती सहसा धरत नाहीत. ‘इट हॅज नो लेग्ज’ जोडले की सुंगट आणि कुर्ली गळतात, तिसरी मात्र उरते. तिसरीला पाय नाहीत. तिला गाळायला पर दाखवावे लागतात आणि फिन हा शब्द यादीत नाही. म्हणून इथे नियमाला धरून अपवाद : फिन साठी चित्रात फक्त पर रंगवून नाव, आणि ओळीत तो शब्द वापरायचा. ‘अ‍ॅन अ‍ॅनिमल विथ फिन्स अँड नो लेग्ज. इट लिव्ह्ज इन वॉटर.’

असा चित्राच्या आधाराने आणलेला बाहेरचा शब्द एका कार्डावर एकच. दोन झाले की मूल ओळ वाचणे सोडून चित्रावरून अंदाज बांधू लागते.

डॉल्फिनचा प्रश्न उलट तपासणीत निघणारच, किनाऱ्यावरची मुले आहेत. त्याला पर आहेत, पाय नाहीत, तो पाण्यात राहतो, तरी मासा नाही. पिलांना दूध पाजतो आणि श्वासाला वर येतो. हे कार्डात बसवायचे नाही, शिक्षकांच्या पुस्तिकेत टाकले. तिसरीच्या मुलासाठी व्याख्येत एवढी फट राहू द्यावी.

१६ जुलै

अंकल आणि आन्ट. अंकल मध्ये ‘आन्टचा नवरा’ आणि आन्ट मध्ये ‘अंकलची बायको’ लिहिले की फेरा पूर्ण. सोडवणूक : दोन्हींत फक्त मदर, फादर, ब्रदर, सिस्टर, हजबंड, वाइफ एवढेच शब्द. अंकल : ‘युअर मदर्ज ऑर फादर्ज ब्रदर, ऑर देअर सिस्टर्ज हजबंड’. मागे : ‘काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, चौघेही अंकल.’ कझन साठी वंशवेलीचे चित्र, ओळ नको. शब्दांत मांडली तर ती मोठ्यांनाही दोनदा वाचावी लागते.

असे फेरे शोधायला एक मोठा कागद भिंतीला लावला आहे. प्रत्येक शब्दापासून त्याच्या व्याख्येतल्या शब्दांकडे बाण. बाण पाया-शब्दापाशी थांबला की ठीक. फिरून मूळ शब्दावर आला की त्या साखळीतला एक शब्द चित्रावर टाकायचा. डे, सन, स्काय या तिघांत सन ला चित्र दिले आणि बाकीचे दोन सुटले.

२१ जुलै

उच्चार. शब्दाखाली देवनागरीत उच्चार छापायचा आहे. ॲ आणि ऑ ही चिन्हे असल्यामुळे कट, कॅट, कार्ट, कॉट हे चारही वेगळे लिहिता येतात, ही देवनागरीची मोठी सोय. शिप आणि शीप, पेन आणि पॅन यांच्या जोड्या एकाच पानावर द्यायच्या.

अडचणीच्या जागा तीन. पहिली : व. इंग्रजीत दोन ध्वनी आहेत. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून निघतो त्याला व्ह लिहायचे, ओठांचा चंबू करून निघतो त्याला व. म्हणजे व्हॅन पण वॉच, व्हेट पण वेट. दुसरी : झू, झेब्रा यांत मुले झाडातला झ म्हणतात. स लांबवत राहायचे आणि त्यातच गळा घुमवायचा, बोटे गळ्यावर ठेवली की कंप कळतो. तिसरी : थिन, थ्री. आपला थ दातांमागे जीभ अडवून हवा सोडतो, इंग्रजीत जिभेचे टोक दातांच्या मधे आणि हवा चालूच. लेखनाने हे दाखवता येत नाही, पुस्तिकेत तोंडाचे चित्र.

न उच्चारली जाणारी अक्षरे (नाइफ मधला पहिला के, लॅम मधला शेवटचा बी, आयलंड मधला एस) फिकट करड्या रंगात छापायची. खोडायची नाहीत, कारण लिहिताना ती लागतात.

२८ जुलै

ब्रेड : पीठ आणि पाणी एवढेच म्हटले की भाकरी. भाकरी तव्यावर, ब्रेड भट्टीत. शिवाय ब्रेडचे पीठ आंबवलेले असते, पूर्वी पोदेर (पाव भाजणारे) त्यासाठी माडाची सूर (माडी) घालत. ओळ : ‘सॉफ्ट फूड मेड फ्रॉम फ्लावर इन अ हॉट अव्हन’. इथला फ्लावर म्हणजे पीठ. फूल आणि पीठ या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळे, म्हणून चित्रात पिठाची परात. चित्रात पाव, उंडो (गोल पाव) आणि कापलेली लादी तिन्ही.

एका रूपाचे दोन शब्द : बॅट, वेल, लाइट, बँक, लेफ्ट. एका कार्डावर एकच अर्थ. दुसऱ्या अर्थाचे कार्ड वेगळे, कोपऱ्यात २ हा आकडा. बॅट १ फळी, बॅट २ वटवाघूळ. वेल १ विहीर, वेल २ चांगल्या प्रकारे.

४ ऑगस्ट

चित्रकाराला द्यायच्या सूचना. बिग साठी हत्ती नको. हत्ती दाखवला की बिग म्हणजे हत्ती. एकच वस्तू, दोन मापे, अशा तीन जोड्या : दोन घागरी, दोन चेंडू, दोन होड्या. मग मुलाला वस्तू सोडून माप दिसते. रन, जंप, सिट यांत मूल तेच, कपडे तेच, फक्त कृती बदलते. मार्केट साठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फेरी साठी रायबंदर–चोडण. फेरी आणि शिप यांतला फरक : फेरी एका काठावरून दुसऱ्या काठावर पुन्हापुन्हा जाते.

११ ऑगस्ट

छपाई. कार्डाचे माप १०५ × १४८ मिलिमीटर, कागद ३०० जीएसएम. शब्द ४८ पॉइंट, ओळ २० पॉइंट. इंग्रजी टाइप असा हवा की ए आणि जी ही छोटी अक्षरे मुले हाताने काढतात तशी दिसतील, आणि मोठा आय, छोटा एल आणि आकडा एक हे तिन्ही वेगळे ओळखू येतील. बऱ्याच सुबक टाइपांत हे तिन्ही एकच उभी रेघ असतात.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचे. ८० चे पातळ पडते, कोपरे वळतात. पावसाळ्यात कागद दमट असतो. तसाच यंत्रात घातला की आतल्या ओलीची वाफ होऊन फोड येतात, म्हणून छापलेली कार्डे रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. इंकजेटची शाई दमटपणाने फुटते, लेझर छपाईच घ्यावी. कार्ड आधी कापायचे आणि मग पाऊचमध्ये घालायचे, भोवती ३ मिलिमीटरची नुसत्या प्लास्टिकची कड राखून. आधी लॅमिनेट करून मग कापले की उघड्या कडेतून पाणी शिरते, थर सुटतात आणि आत बुरशी धरते. दोरा ओवायचे भोकही कागदावर पाडायचे नाही. डावीकडची कड १२ मिलिमीटर ठेवायची आणि भोक त्या प्लास्टिकमध्ये. कोपरे गोल.

१९ ऑगस्ट

ही, शी, इट. मराठीत खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. मुले खुर्चीला शी म्हणतात. तिन्ही कार्डे एकत्र वाटायची. ही : मुलगा, पुरुष. शी : मुलगी, स्त्री. इट : वस्तू, आणि नर की मादी ठाऊक नसलेला प्राणी. घरच्या गाईला शी म्हटले तर ते बरोबर आहे, तसे पुस्तिकेत लिहिले.

टाइम आणि आयडिया या दोन शब्दांना अजून १२ शब्दांत ओळ मिळालेली नाही. टाइम साठी व्याख्या सोडून ‘व्हॉट टाइम इज इट?’ आणि घड्याळाचे चित्र. आयडिया या संचातून काढून पाचवीच्या संचात. गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर पहिली १०० कार्डे छपाईला. त्याआधी त्या १०० ची उलट तपासणी अशा मुलांकडून, ज्यांनी एकही कार्ड पाहिलेले नाही.